गेटपर्यंतचा पल्ला

आमच्या बँडमध्ये मिहिर लीड गिटार वाजवतो, त्याची बायको शर्मिष्ठा बेस गिटार, आणि मी, विद्याधर, ड्रम. गायक दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून त्याचं नाव सांगत नाही. स्टेजवर मिहिर सगळ्यांच्या पुढे, कारण त्याची वायर लांब. शर्मिष्ठा मागे माझ्या ड्रमला खेटून, कारण तिची आखूड. तिलाही लांब वायर घे असं मी एकदा सुचवलं, तर मिहिर म्हणाला, बेसवाल्याला कुठं जायचं असतं?

शर्मिष्ठा मुलुंडच्या एका शाळेत गणित शिकवते. तिच्या दहावीच्या पोरांनी आमचा एक व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, मॅडम, यात तुम्ही कुठे आहात? तिनं दाखवलं. माझ्या सिंबलच्या थाळीआडून तिचं कोपर दिसत होतं. पोरं शहाणी, हसली नाहीत, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. आता त्याच शाळेच्या गॅदरिंगला आमचा कार्यक्रम ठरला होता. तिला एकच गोष्ट हवी होती: त्या पोरांसमोर पुढे उभं राहून वाजवायचं.

नेमकं तेव्हाच मिहिरच्या डोक्यात वायरलेस शिरलं. एक छोटा तुकडा गिटारमध्ये खोचायचा, दुसरा स्पीकरच्या डब्यात, म्हणजे अ‍ॅम्पमध्ये, मधली वायर गायब. त्यानं रिव्ह्यूंचा फडशा पाडला. लग्नाआधी यानं माझी एवढी चौकशी केली नव्हती, असं शर्मिष्ठा म्हणाली. शेवटी त्यानं दोन सेट मागवले, एक महाग आणि एक स्वस्त. पसंत पडेल तो ठेवायचा, दुसरा परत. ठेवायचा एकच, आणि तो अर्थातच गिटारला.

शर्मिष्ठानं वाद घातला नाही. ही बाई वाद घालत नाही तेव्हा मला घाम फुटतो.

पार्सल आलं त्या दिवशी मी त्यांच्याकडेच होतो. मिहिर खाली गाडी लावत होता, तेवढ्यात तिनं स्वस्तातला सेट आपल्या बेसला लावून पाहिला. स्वस्त वायरलेसमध्ये बेसचे खालचे सूर पोकळ येतात, ही तिची धास्ती. तिनं सगळ्यात जाड तार छेडली आणि शोकेसची काच थरथरली. मग तिनं सेट गुपचूप खोक्यात ठेवून दिला.

मिहिर वर आला आणि पल्ल्याची, म्हणजे कुठला सेट किती लांबून चालतो याची, परीक्षा सुरू झाली. दुपारी शेजारी झोपतात, म्हणून अ‍ॅम्पचा आवाज हळू ठेवला. मिहिरनं गिटार गळ्यात अडकवून वाजवत खाली जायचं, आणि शर्मिष्ठानं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खुणेनं सांगायचं, ऐकू येतंय की नाही.

महागडा सेट घेऊन तो कंपाउंडमध्ये पोचला. अ‍ॅम्पमधून अगदी स्वच्छ वाजत होतं. शर्मिष्ठानं खिडकीतून दोन्ही हात हलवले, काहीच येत नाही म्हणून. मी सोफ्यावरून उठलो. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी परत बसलो.

मग स्वस्तातला. मिहिर पहिल्या मजल्यावर पोचला असेल, तोच अ‍ॅम्प खरखरला आणि गप्प झाला. तो कंपाउंडमध्ये दिसला तसा शर्मिष्ठानं अंगठा वर केला. तो पार्किंगपर्यंत गेला, अंगठा वरच. गेटपाशी वॉचमनसमोर तो बिनआवाजाची गिटार झोडपत उभा राहिला आणि एक काकू भाजीची पिशवी घेऊन बघत थांबल्या. वर खिडकीत शर्मिष्ठाच्या दुसऱ्या हातात चहाचा कप होता.

हे काय चाललंय, असं मी विचारलं.

"महागड्या एकाच्या पैशात हे दोन येतात," ती म्हणाली. "आणि स्टेज काय गेटपर्यंत असतं का रे?"

मिहिर खूश होऊन वर आला. महागाचं नुसतं नाव असतं, माल आपल्याला ओळखता येतो, वगैरे. तिनंही त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. तुलाही यातलाच एक घेऊन टाकू, हे शेवटी त्याच्याच तोंडून निघालं. मी हसू लपवायला स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो.

गॅदरिंगला दोन्ही सेट वेगवेगळ्या चॅनलवर झकास चालले. पहिल्याच गाण्यात शर्मिष्ठा पुढे गेली, आणि मिहिरनं तिला खूण केली: जरा मागे, माझा सोलो आहे. ती मुकाट्यानं माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मला असा संताप आला की काठी त्याला फेकून मारावीशी वाटली.

सोलो वाजवत मिहिर स्टेजवरून उतरला. माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये पल्ला आणखी आखडतो, हे त्यानं रिव्ह्यूत वाचलं असणारच, पण गडी गेटपर्यंत जाऊन आला होता. खुर्च्यांमधून तो थेट मागच्या दारापर्यंत पोचला आणि वेफर्सच्या टेबलापाशी डोळे मिटून मान झटकायला लागला. त्याची गिटार खरखरली आणि बंद पडली. पोरांच्या शिट्ट्यांत त्याला पत्ताच नाही.

शर्मिष्ठानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच जा म्हटलं. ती चालत अगदी स्टेजच्या कडेपर्यंत गेली आणि त्या रिकाम्या जागेत बेस वाजवायला लागली. दहावीची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. माझे डोळे भरून आले. तो घाम होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

मिहिर धावत परत आला. स्टेजजवळ येताच त्याच्या गिटारचा आवाज परतला, पुढची जागा मात्र गेली ती गेलीच. बिचारा येऊन माझ्या ड्रमशेजारी उभा राहिला. थोडं वाजवून तो माझ्या कानाशी वाकला.

"अरे विद्या, इथं स्वतःचं काहीच ऐकू येत नाही. ही इतकी वर्षं कशी वाजवत होती?"

"तुझी पाठ बघून," मी म्हणालो.