शेऱ्याची चौकट

"मच्छिंद्रभाऊ, खरं सांगा. सकाळी काय खाऊन आल्ते?"

"काहीच न्हाई ताई. पाण्याचा घोटसुद्धा न्हाई."

दैवशालाने नळी उजेडात धरली. यंत्रात फिरून रक्त खाली बसलं होतं. वर पिवळसर, नितळ सीरम यायला हवं होतं. आलं होतं दुधासारखं पांढरं. रक्तात चरबी दाटली की असं होतं. मोंढ्याच्या बाजारात पोती उचलणाऱ्या मच्छिंद्रला डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर मात्र दोनच तपासण्या होत्या, युरिक ॲसिड आणि उपाशीपोटीची साखर. ॲसिड नऊ. साखर एकशे अठरा.

"अंगठा लई ठणकतो. डॉक्टर म्हणले डाळ बंद, बंद केली. आता भाकर चहात बुडवून खातो. ताकदीसाठी दुपारी थंडा, दोन बाटल्या. शुगर तर न्हाई न मला?"

'न्हाई' म्हणायला तिची जीभ वळेना. जुन्या जालन्यातल्या या लॅबमध्ये एकोणीस वर्षं ती पाहत आली होती. साखर काठावर आणि ॲसिड चढलेलं असलं, की नळी बहुतेकदा पांढरी निघायची. चिठ्ठीत मात्र चरबीचं नाव नसायचं.

रिपोर्टच्या शेऱ्यात तिने लिहिलं, 'सीरम दुधाळ. साखर काठावर. ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) तपासावे.'

लॅबचे मालक राधेश्यामशेठ कागद पाहून तडकले. "चिठ्ठीत न्हाई ते कशाला लिहून राह्यली? डॉक्टर चिडतात, मंग पेशंट दुसरीकडं धाडतात. शेरा काढ अन् जल्दी नवीन प्रिंट दे."

"न्हाई देत."

"काय म्हणली?"

"रामप्रसादच्या टायमालाही तुम्ही हेच बोलल्ते. अन् मी गाढवासारखं ऐकलं!" तिचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला.

"तुझा नवरा अटॅकनं गेला बाई. त्यात लॅबचा काय दोष?"

"त्याचं रक्त मी माझ्या हातानं फिरवलं, शेठ. नळी अशीच पांढरी होती. मी पाहिली, तुम्ही पाहिली. कागदावर तेवढी आली न्हाई."

ती कागद आणि नळी घेऊन बाहेर मच्छिंद्रकडे आली.

"हे दूध हाय का, ताई?"

"तुमचं रक्त हाय. थंडा आजपासून बंद. आत्ता डॉक्टरकडं जा, या शेऱ्यावर बोट ठेवा अन् विचारा. न्हाई ऐकलं तर मला बोलवा. मी येते."

मच्छिंद्रने कागद चार घड्या करून खिशात घातला आणि लंगडत गल्लीत उतरला.

दुपारी जेवायला घरी गेल्यावर तिने ताट घेतलं नाही. पेटीतून रामप्रसादचा रिपोर्ट काढला. साखर एकशे सतरा. ॲसिड साडेआठ. शेऱ्याची चौकट कोरी. तिने पेन उघडलं आणि तीन वर्षं उशिरा लिहिलं, 'सीरम दुधाळ.' शेवटच्या अक्षराला पेन कागदातून आरपार गेलं.

तरी खाली तिने सही केली.