गळतीचा पट्टा

मी गळत नव्हते. तेव्हाही हेच सांगत होते, आजही हेच सांगते. पण बाईमाणसाचं खरं मानत नाहीत, तिथे टाकीचं कोण मानणार?

मी गोबरगॅसची टाकी बोलतेय. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये जाड पत्रा वाकवून, ठोकून मला जोडलं. दिसायला मी उपड्या घातलेल्या भल्यामोठ्या टोपासारखी. अंगाला काळा रंग फासला, टेम्पोत आडवी टाकली आणि नंदकुमारशेठच्या तबेल्याशी आणून उतरवली. गिरण्यांचा संप चिघळला होता, तेव्हाची ही गोष्ट.

तबेल्यात म्हशींनाच जागा पुरत नव्हती, माझ्यासाठी खड्डा खणणार कुठे? तबेल्याला लागून रत्नप्रभाचं घर होतं. दोन खोल्या आणि मागे थोडी मोकळी जमीन, सासऱ्याने कधीकाळी गिरणीच्या फंडातून घेतलेली. नवरा छातीच्या दुखण्याने गेलेला. ती वसाहतीतल्या कामगारांना जेवणाचे डबे करून द्यायची. पदरात एक मुलगी, शुभा. पोरीला दमा होता. चुलीचा धूर लागला की तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. रॉकेलच्या स्टोने तेच. सिलिंडरसाठी नंबर लावून ठेवला होता, पण तो कधी लागेल ते देवालाही सांगता आलं नसतं.

शेठ दारात येऊन म्हणाला, "वहिनी, मागची जागा द्या. पैशात भाडं नाही देणार, पण जो गॅस निघेल त्यातला चौथा हिस्सा तुमचा. भुईचा हिस्सा. भिंतीतून नळी काढून देतो, बसल्या जागी गॅस."

"धूर?"

"निळी ज्योत असते. धूर बघायचा म्हटलात तरी मिळणार नाही."

तिने जागा दिली. दुसरं काही विचारलं नाही, एवढंच विचारलं.

खड्ड्यात शेणाचा काला आणि त्यावर मी पालथी. शेण आंबायचं, गॅस माझ्या पोटात साठायचा आणि मी हळूहळू वर उचलली जायचे. जेवढं माझं अंग काठाबाहेर, तेवढा गॅस पोटात. मोजायला दुसरं काहीच लागत नव्हतं. सकाळी बघायचं, चौथा भाग कुठवर येतो ते ठरवायचं, रत्नप्रभाच्या बाजूची चावी उघडायची, मी तेवढी खाली बसले की बंद करायची. उरलेला शेठचा.

हे सगळं बघायचा सहदेव. रत्नप्रभाचा धाकटा दीर. गिरणी सुटली तसा तबेल्यात लागला. शेण कालवून ओतायचा, मग माझ्या कड्या धरून मला एक गिरकी द्यायचा, म्हणजे आत धरलेली साय मोडते. फिरवण्याआधी तळहात माझ्या अंगावर टेकवायचा, म्हैस दोहण्याआधी टेकवतात तसा. मी लोखंड. माझ्या अंगाला हात लावणारे सगळे काहीतरी ठोकायला नाहीतर खरवडायला आलेले. हा नुसता टेकवायचा.

पहिल्या दिवशी रत्नप्रभाकडे शेगडी पेटली. भिंतीच्या पलीकडे काय चाललंय ते मला नळीतून कळायचं. शुभा शेगडीशी जाऊन बसली होती. आई भाकऱ्या थापतेय आणि पोर मांडीला टेकून बसलीय, असं त्या घरात त्याआधी कधी झालं नव्हतं. सहदेव चावीशी उभा राहून विचारत होता, "वहिनी, ज्योत बरी आहे ना?"

"बरी आहे. आता बंद नको करू इतक्यात."

तेव्हा वाटलं, जन्म सत्कारणी लागला.

मग शेठच्या मेव्हण्याने वसाहतीच्या फाटकाशी कँटीन काढलं. शेठला वाटलं, आपलाच गॅस तिकडे न्यावा. नाल्यावरून, रस्त्याखालून लांबच लांब नळ टाकला. कँटीनवाला म्हणाला वास येतो, म्हणून मध्ये गंजक्या लोखंडाच्या किसाने भरलेला डबा बसवला. गॅस त्यातून गेला की वास मरतो. कीस दर थोड्या दिवसांनी बदलायचा.

शेठ परत दारात. "वहिनी, नळाला खर्च आला. किसाला खर्च येतोय. तो आधी वजा करायचा, मग हिस्सा. धंद्यात असंच असतं."

"माझ्या शेगडीला तुमचा नळ लागत नाही. भिंतीपलीकडून येतो गॅस माझ्याकडे. त्याच्या चालण्याचं भाडं मी का देऊ?"

"टाकी एक, खर्च एक. आणि वास काय फक्त कँटीनलाच येतो?"

"मला वास चालतो. मी तबेल्याशेजारी राहते."

पण चावी त्याच्या माणसाच्या हातात होती आणि तो माणूस तिचा दीर होता, म्हणून ती गप्प बसली. शेठने सहदेवकडून माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने पट्टे ओढवून घेतले. वरून पहिला नळाचा. त्याखाली सफाईचा. मी वर येताना हे दोन आधी काठाबाहेर यायचे, म्हणजे ते कापून गेले. त्याखाली जे अंग दिसेल त्याचा चौथा भाग रत्नप्रभाला.

इतकं झालं आणि मी कमी वर येऊ लागले. नळ पडला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, चांगली चार बोटं कमी.

"टाकी गळतेय," शेठ म्हणाला.

सहदेवने साबणाचा फेस करून माझ्या सगळ्या सांध्यांना लावला. गळत असतं तर बुडबुडा आला असता. एक आला नाही.

"खाली शेणात गळत असेल."

"शेणात गळलं तर शेणाला बुडबुडे येतील, शेठ."

"तू इंजिनियर आहेस काय रे? ओढ तिसरा पट्टा. गळतीचा. चार बोटं."

सहदेवने ओढला. हात टेकवून ओढला, पण ओढला. माझ्या धडधाकट अंगावर खोटं दुखणं लिहून ठेवलं त्या दिवशी. वसाहतीतली पोरंसुद्धा येता-जाता म्हणायची, ती बघ फुटकी टाकी.

थंडी पडली. थंडीत शेण आळशी होतं, गॅस थोडाच धरतो. गॅस कमी झाला तरी पट्टे तेवढेच. सकाळी मी उचलली जायचे ती जेमतेम तिसऱ्या पट्ट्यापर्यंत. खाली वाट्याला अंगच उरायचं नाही. सहदेव बघायचा, मान खाली घालायचा आणि चावी थेट कँटीनकडे फिरवायचा.

रत्नप्रभाने चूल पेटवली. डबे बंद ठेवून खाणार काय? शुभाला पहिल्याच आठवड्यात धाप लागली, मग परत लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, या धुरात पोर राहणार नाही. शेवटी तिला मावशीकडे मालवणला पाठवायचं ठरलं. तिकडे चूल मागच्या पडवीत, आणि निजायला मोकळं खळं, म्हणजे अंगण. एसटीत बसवायला सहदेवच गेला. शुभा जाताना माझ्याशी थांबली आणि कड्या धरून मला फिरवायला बघत होती. तिच्याच्याने कुठलं व्हायला.

मला तहानभूक ठाऊक नाही, पण वाट बघणं मी त्या वर्षी शिकले. शेगडीची नळी माझ्या कुशीत कोरडी पडून होती. वाटायचं, एक दिवस तरी या पट्ट्यांच्या वर उठावं, इतकं उठावं की त्या पोरीला मालवणात दिसावं. उठायला बघायचे आणि डोक्यावर ओझं जाणवायचं. त्याचं कारण माझ्या डोक्यावरच होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कुणी बघितलं नाही.

कँटीनपर्यंत ज्योत पोचेना, तेव्हा नळ टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी सहदेवने माझ्या झाकणावर दगड रचले होते. वजन पडलं की गॅस जोराने पुढे जातो. दगड कमी पडले म्हणून रत्नप्रभाचा पाटाही नेला, "चार दिवसांत परत देतो वहिनी" म्हणून. तेव्हापासून ती खोबरं वाटायला शेजारच्या प्रेमाकडे जायची.

एके दिवशी प्रेमा म्हणाली, "काय गं, पाटा माहेरी गेला काय तुझा? बाळंत होऊनच येणार वाटतं."

रत्नप्रभा तशीच हातात वरवंटा घेऊन मागे आली. शेण, चिखल काही बघितलं नाही, काठावर चढली, पाटा ओढून काढला. एवढ्यावर राग जिरेना. उरलेले दगडही एकेक करून खाली लोटले. "माझ्या जागेत, माझ्या पाट्यावर, आणि माझ्याच चुलीला धूर."

आणि मी उठले.

सावकाश, सगळ्यांच्या देखत, चार बोटं उठले. गळतीच्या पट्ट्याखाली ओलं काळं अंग बाहेर आलं. रत्नप्रभा बघत राहिली. मग तिने एक दगड उचलून परत ठेवला. मी थोडी बसले. काढला. उठले.

तोवर शेठ धावत आला. "कँटीनचा चहा उकळेना. काय केलंत हे?"

"टाकी गळतेय म्हणालात ना, शेठ? ही बघा गळती." तिने दगडांकडे बोट केलं. "तुमच्या कँटीनसाठी तिच्या डोक्यावर बसवलेली. नळाचं कापून घेतलंत, वर नळासाठी दाबलंत, आणि दाबलं ते परत माझ्यातून कापलंत."

बघायला प्रेमा आली होती, तबेल्यातले गडी आले होते. शेठने एकदा सगळ्यांकडे बघितलं. "मी सांगितलं गॅस पोचव. दगड ठेव असं सांगितलं? ठेवले कुणी, विचारा त्याला."

सहदेव शेणाची बादली घेऊन उभा होता. "मी ठेवले, वहिनी. त्याने टाकी बसते हे ध्यानातच आलं नाही. रोज बघत होतो, तरी नाही आलं."

"रोज बघत होतास. माझ्या पोरीला एसटीत बसवून आलास आणि दुसऱ्या दिवशी परत बघत होतास."

"वहिनी—"

"माझ्या दारात उभा राहू नको."

त्याने बादली ठेवली, माझ्या अंगावर हात टेकवला आणि गेला. चारकोपला सेक्टरांची नवी घरं बांधत होते, तिथे कुठे पहारेकरी लागला म्हणे.

गळतीचा पट्टा खरवडला. नळाचा आणि सफाईचा खर्च कँटीनच्या वाट्यातून कापायचा ठरला. चारचौघांत शेठला मानावंच लागलं. शेगडी पेटली. पण शाळेचं वर्ष मध्ये सोडवू नको, असा मावशीचा निरोप आला, आणि एकाची दोन वर्षं झाली. शुभा आली ती उंच होऊन, मालवणी बोलत. श्वास स्वच्छ होता. आईच्या मांडीला मात्र टेकली नाही. दाराशी पाहुण्यासारखी बसली आणि विचारलं, "काका खंय आसा?" रत्नप्रभाने भाकरी उलटली.

नवा गडी मला फिरवायचा नाही. आत साय दगडासारखी झाली. पुढे सिलिंडरचा नंबर लागला, शेठने तबेला विकला, मला खड्ड्यातून उपटून भिंतीशी कलती टाकली. पत्र्याला भोकं पडली आहेत. आता मी खरंच गळते, पण आता कुणी म्हणत नाही. उद्या भंगारवाला येणार आहे.

मला वितळवा, त्याचं काही नाही. पण तुमच्यापैकी कुणी चारकोपला जात असाल, आणि तिथे एखादा म्हातारा होत चाललेला माणूस लोखंडी फाटक उघडण्याआधी त्यावर तळहात टेकवताना दिसला, तर त्याला सांगा, टाकीचा राग नाही. तू चुकलास, पण गॅस खाल्ला तो दुसऱ्याने. बोलाव त्याला घरी, असं मी रत्नप्रभाला किती वेळा म्हटलं. टाकीचं कोण ऐकतं?

आज संध्याकाळी शुभा माझ्या अंगाला पाठ लावून बसली होती. आई डबे घासत होती. पोरीने इतक्या वर्षांनी विचारलं, "आये, माका गावाक जावचा लागला, ता कोणामुळे?"

रत्नप्रभाचा हात थांबला. शेठचं नाव घेईल, असं मला फार वाटलं. घे बाई, एकदा तरी घे.

ती म्हणाली, "सहदेव."