पाच शिशी

बायनाबाईच्या मापाला गावात कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. घाण्याचं तेल विकणारी बाई. पावशेर मागा, पावशेर काठोकाठ भरून मिळायचं आणि वर पळीभर वरताळा, म्हणजे मापाच्या वरचं, प्रेमाचं. कमी माप देणारा पुढच्या जन्मी घाण्याचा बैल होतो, असं ती म्हणायची. बैलाचे हाल रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे तिच्या म्हणण्याला वजन होतं.

त्या हिवाळ्यात तिचा नवरा धोंडीराम खोकल्यानं अंथरुणाला खिळला. काढे झाले, शेक झाले. शेवटी ती दोन कोस चालून सरकारी दवाखान्यात गेली. हैदराबादेकडच्या डॉक्टरसाहेबांनी औषधाची तपकिरी शिशी दिली आणि घाईघाईत सांगितलं, "सुबह-शाम, एका वेळी पाच सीसी."

"पाच शिशी, पाच शिशी," असं घोकत बायनाबाईनं वाट कापली.

घरी आल्यावर मात्र ती चक्रावली. हातात एकच शिशी, आणि पाजायच्या पाच, त्याही एका वेळेला. पेजेचे दोन घोट ज्याला जड, तो पाच शिश्या कसा पिणार? पण शिकलेला माणूस उगाच कशाला सांगेल? आहे ती एकच पाजावी, तर ते कमी माप झालं, आणि नवऱ्याला कमी माप द्यायला तिचा हात धजेना. धोंडीराम बिनऔषधाचाच खोकत राहिला. सकाळी चार रिकाम्या शिश्या घेऊन ती पुन्हा दवाखान्यात हजर झाली. "पाच पाजायच्या म्हनलात, या चार भरून द्या."

डॉक्टरसाहेब आधी हसले. मग एकदम खुर्चीतून उठले.

"पहिली पाजली नाहीस ना?"

"न्हाई जी. पाच पुऱ्या झाल्याबिगर कशी पाजू?"

"बरं केलंस. एक जरी एकदम पाजली असतीस, तरी तो उठला नसता."

बायनाबाईनं चारही रिकाम्या शिश्या पायरीवर ठेवून दिल्या. डॉक्टरसाहेबांनी रेघा मारलेला काचेचा पेला आणून तिला दाखवला. "ही रेघ बघ. इथवर पाच सीसी. सीसी हे माप आहे, शिशी नव्हे."

"एवढंच? एवढं तर मी वरताळा घालते."

"यात वरताळा बिलकुल नको," ते म्हणाले, आणि काठाचा टवका उडालेला तो पेला त्यांनी तिलाच देऊन टाकला.

घरी तिनं दारातल्या उजेडात पेला डोळ्यांसमोर धरला. औषध रेघेच्या जरा वर गेलं. तिनं तेवढं जपून परत शिशीत ओतलं.

धोंडीराम पडल्या पडल्या बघत होता. "साऱ्या गावाला वरताळा घातलास," तो कण्हत म्हणाला, "आन् मलाच मापून व्हय?"

"गावाला जादा गेलं तर तेल जातंय. हितं जादा झालं तर तुमी जाताल. मला तुमी पायजेत."

धोंडीरामानं आ केला.

कडू औषध घशाखाली उतरल्यावर तिनं त्याच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवला, आणि तो विरघळायच्या आत आणखी एक. तो वरताळा होता.