तावावरची सावत्र आई

मावशीच्या मनात पाल चुकचुकली ती गोष्ट निवडायच्या दिवशीच.

तशी ती जात्याच संशयी. दुकानदारानं चार दाणे जास्त घातले तरी याला आज काय हवंय म्हणून विचारात पडणारी. पण या वेळी कारण होतं. युरोपातल्या जुन्या लोककथा मुलांसाठी सोप्या भाषेत लिहायच्या हा तिचा उद्योग, आणि त्यांची चित्रं काढायची चिमणी. चिमणी म्हणजे तिच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी. सात वर्षांची असताना हिच्या पदरात पडली, आता एकतीस वर्षांची घोडी झाली तरी चिमणीच. पहिल्या दिवसापासून ती हिला मावशी म्हणायची, म्हणून मग शेजारीपाजारीही मावशीच म्हणू लागले.

दोघींनी मिळून चार पुस्तकं केली होती. बकऱ्या झाल्या, राक्षस झाले, एक बोलकी भट्टीसुद्धा झाली. त्या लोककथांत सावत्र आया ढिगानं सापडतात, आणि एक म्हणून धड नाही. मावशी त्या गोष्टी न दिसल्यासारखी पानं उलटायची. पाचव्या वेळी चिमणीनं नेमकी त्यांतलीच एक काढली. सावत्र आई पोरीला जंगलापलीकडच्या चेटकिणीकडून चाळण आणायला पाठवते, ती.

"हीच?" मावशीनं विचारलं.

"हीच. छान आहे."

"कोल्ह्याचीही आहे गं एक. फार गमतीची."

"मावशी, हीच."

लिहिली मावशीनं. त्या सावत्र बाईचं काय करावं ते तिला सुचेना. तेव्हा पहिल्या पानावर तिनं पोरीला घराबाहेर पाठवलं आणि बाईचं पुन्हा नाव काढलं नाही. पुढे जंगल, लांडगा, चेटकीण, सगळं यथासांग, आणि शेवटचं वाक्य: 'चाळण घेऊन पोर एकटीच घरी पोचली.'

एरवी चिमणी पेन्सिलीच्या पहिल्या रेघेपासून सगळं जेवणाच्या टेबलावर पसरायची. मावशी चष्म्यावरून बघून राक्षसाचं पोट अजून वाढव म्हणायची, आणि चिमणी कुरकुरत वाढवायची. या वेळी मात्र मावशी खोलीत शिरली की कागद पालथा. कपाटाला कुलूप. एकदा चिमणीनं मावशीचा जुना हिरवा कोट मागून नेला. चोवीस वर्षांचा, कोपरावर विटलेला.

"कशाला हवाय?"

"घड्या कशा पडतात ते बघायचंय."

घड्या बघायला घरात पडदे नव्हते का? मग कचऱ्याच्या टोपलीत मावशीला एक फाटका कागद मिळाला. (ती टोपली उपसत होती असं नाही. ती रिकामी करायला गेली होती, आणि रिकामी करताना प्रत्येक बोळा उलगडत होती, इतकंच.) कागदावर अर्धा चेहरा होता. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. असा चष्मा साऱ्या गावात एकाच नाकावर होता.

"ती मला सावत्र आई करतेय," मावशीनं नवऱ्याला सांगितलं.

"तू आहेसच की," तो पेपरातून म्हणाला. मग तिचं तोंड पाहून त्यानं पेपर खाली ठेवला. "अगं, चित्र आहे. चोराच्या मनात चांदणं असं करू नकोस."

हे तिला फार लागलं, कारण चांदणं होतंच. मुलीला तिनं कधी उपाशी ठेवलं नव्हतं, हात उगारला नव्हता. पण दोन वेळा फार कडवट बोलली होती, ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि चिमणीलाही आठवत असणार. आता ते पुस्तकात निघणार. शाळाशाळांत पोरं त्या चष्म्याकडे बोट दाखवून घाबरणार. आणि हे सगळं मुलीनं तोंडावर न बोलता चित्रांतून सांगायचं, याचं तिला रडू येत होतं.

"परवा छापखान्यात रंगांचा पहिला ताव निघेल," सकाळी चिमणी न विचारता म्हणाली. न विचारता का म्हणाली? तिसऱ्या दिवशी मावशी कुणाला न सांगता छापखान्यात गेली.

"सहज आले होते," तिनं फोरमनला सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं इकडचं तिकडचं बोलत राहिली.

"दोन मिनिटं बसा, बाई," यंत्रामागून तो ओरडला. "टेबलावरच्या तावाला हात लावू नका."

तिनं हात लावला नाही. फक्त पाहिलं. अंथरुणाएवढा ताव, वरच्या बाजूला आठ चित्रं, निम्मी उलटी. काळी अक्षरं सगळ्यांत शेवटी छापतात, त्यामुळे शब्द एकही नव्हता. एका चित्रात झाडाआड लपलेली बाई: हिरवा कोट, दोरा बांधलेला चष्मा. शेजारी ओंडक्यावर बसून रडणारी पोर. त्याच्या वरती, उलट्या चित्रात, तीच बाई काठी उगारून धावतेय, आणि तिच्या बाजूला लांडगा, तोही धावतोय. म्हणजे बाई नुसती दुष्ट नव्हे. ती पोरीवर लांडगा सोडतेय! गोष्टीत हे नव्हतंच. हे चिमणीनं स्वतःच्या पदरचं घातलं होतं.

मावशी यंत्राकडे वळली. "थांबवा हे," ती म्हणाली. "मी लिहिलंय ते. माझ्या होकाराशिवाय छापायचं नाही."

फोरमन हात पुसत आला. तावाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही असं पसरलेलंच वाचलंत?"

"मग कसं वाचायचं?"

"अहो, यावर पानं ओळीनं नसतात. शेजारशेजारची पानं पाचवं नि बारावं असायची." त्यानं ताव उचलला; मागच्या बाजूलाही आठ चित्रं होती. एक घडी, दुसरी, तिसरी. सुरीनं कडा कापल्या आणि सोळा पानांचं पुस्तक तिच्या हातात दिलं. "आता बघा."

पोर घरातून निघाली. पान उलटलं, तर तिच्या मागे झाडाआड हिरवा कोट. काही पानांनंतर पोर ओंडक्यावर बसून रडत होती, आणि दूर झुडपात चष्म्याच्या दोन काचा. मग लांडगा आला. पान उलटलं. बाई धावत सुटली होती, आणि तिच्या हातातली काठी ही काठी नव्हती, वाकड्या मुठीची छत्री होती. आणखी काही पानांनी लांडगा शेपूट घालून पळत होता. पोर कुठेच मागे वळून बघत नव्हती.

छत्री. मावशीनं पान पुन्हा मागे उलटलं.

सात वर्षांच्या चिमणीनं तेव्हा ठणकावून सांगितलं होतं, तू माझ्याबरोबर शाळेत यायचं नाहीस, मी एकटी जाणार. मावशीनं बरं म्हटलं होतं. आणि महिनाभर रोज, हिरव्या कोटात, झाडांआडून आणि उभ्या गाड्यांआडून, शाळेच्या फाटकापर्यंत मागे मागे गेली होती. एकदा एका कुत्र्याला छत्रीनं हाकललं होतं. हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. पोरीनं एकदाही मागे पाहिलं नव्हतं.

"ताईंनी बजावलं होतं," फोरमन ओशाळून म्हणाला, "की आई येईल, गुपचूप येईल, तिला ताव दाखवू नका, घडी घालून द्या. मीच कामात विसरलो."

"काय म्हणाली ती? नेमकं सांगा. आई म्हणाली, की तो शब्द तुमचा?"

"बाई, जे ऐकलं ते सांगितलं."

"पुन्हा सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं. तोच शब्द आला.

मावशीनं शेवटचं पान उघडलं. पोर चाळण टेबलावर ठेवून जेवायला बसत होती. टेबलावर दोन वाडगे होते. दार तिनं उघडंच ठेवलं होतं, आणि उंबऱ्याबाहेर हिरव्या कोटाची कड दिसत होती.

"अक्षरं अजून छापायची आहेत ना?" मावशीनं चष्मा पुसला. "शेवटचं वाक्य दाखवा. आणि पेन द्या."

त्यानं मजकुराचा कागद पुढे केला. तिनं 'एकटीच' वर आडवी रेघ मारली.

"ताईंना विचारावं लागेल," तो म्हणाला.

"विचारा. म्हणावं, आईनं खोडलंय."