रिटर्नमधून गेलेली मारेन

“मधली दोन वर्षं पोरगी गेली कुठे?” मिस्टर टॉर्कलसननी विचारलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

लोर्नाला प्रश्नच कळला नाही. तिची मारेन कुठेही गेली नव्हती. ती आमच्या डुलुथ गावापासून तीन तासांवरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि सुट्टीत मळके कपडे घेऊन घरीच यायची.

मार्च महिना होता. आमच्याकडे मार्चात दोनच विषय असतात, बर्फ कधी वितळणार आणि टॅक्स कोण भरून देणार. दुसऱ्यावर इलाज म्हणजे वाचनालयाचं तळघर. तिथे पेन्शनीत निघालेली मंडळी लोकांचे रिटर्न फुकट भरून देतात. टॉर्कलसन त्यांतले सगळ्यात चिकट. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आता गावाला हिशेब शिकवतात. कुणी लेमन बार, म्हणजे लिंबाच्या गोड वड्या, करून आणल्या तर तीनदा नको म्हणतात आणि चौथ्यांदा दोन उचलतात.

कॉलेजच्या फीवर सरकार टॅक्समध्ये सूट देतं, पण एका मुलामागे चारच वेळा. आधी किती वेळा घेतली ते बघायला त्यांनी जुने रिटर्न मागितले होते. लोर्ना सगळे किराण्याच्या पिशवीत घालून घेऊन आली होती.

“हे बघ,” टॉर्कलसन म्हणाले. “पहिल्या वर्षी मारेनचं नाव आहे, सूटही घेतलीय. पुढच्या दोन वर्षी सूट तर नाहीच, पोरीचं नावच नाही. एवढे पैसे सरकारला दान केलेस होय? चर्चच्या पेटीत तरी टाकायचेस.”

लोर्ना ओशाळली. “ते मी फोनवरून भरले होते. मारेनचं नाव टाकलं की सगळं लाल व्हायचं. जायचंच नाही पुढे. मला वाटलं, ती हॉस्टेलात राहते म्हणून आपल्या घरात धरत नसतील. मग नाव काढलं. लगेच गेलं.”

“हॉस्टेलात राहिलं म्हणून लेक परकी होते का? तिचं घर ते तुझंच.” ते हसले, आणि मग त्यांचं हसू हळूहळू आटत गेलं. “लाल झालं म्हणजे काय लिहून आलं होतं?”

“वाचलं नाही हो नीट. काहीतरी तिचा सरकारी ओळखनंबर आधीच वापरलाय वगैरे.”

टॉर्कलसननी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. बोलताना त्यांनी आवाज खाली आणला.

“लोर्ना, ते हॉस्टेलमुळे नाही. तुझ्या आधी दुसऱ्या कुणीतरी मारेनला आपल्या रिटर्नमध्ये दाखवलंय. दोन्ही वर्षं.”

नाव विचारायची गरज नव्हती. मारेनचा नंबर जगात आणखी एकाच माणसाला पाठ होता.

मारेनच्या बापाबद्दल, कर्ट हाउगेनबद्दल, कुणालाही विचारा, त्याच्या गावात आजही लोक सांगतील, देवमाणूस. आमच्याकडे माणूस चांगला की वाईट ते तो शेजाऱ्याच्या दारातला बर्फ उपसतो की नाही यावर ठरतं, आणि कर्ट सगळ्या आळीचा उपसायचा. कुणावर आवाज चढवायचा नाही, पीत नव्हता, चर्चमध्ये खुर्च्या मांडायचा. अशा नवऱ्याला सोडून निघालेल्या बाईला लोक काय म्हणतात ते मी सांगायला नको. लोर्नाने कुणाला काही पटवून द्यायचा प्रयत्नही केला नाही. अगदी मारेनलाही ती एवढंच म्हणाली होती की आमचं पटलं नाही. कोर्टाने ठरवून दिलेल्या भेटी मारेन अठराची झाल्यावर संपल्या, आणि त्याच उन्हाळ्यात लोर्नाने घर बदललं. पत्रपेटीवर नाव नाही, विजेचं बिल बहिणीच्या नावावर, गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावलेली. रात्री दाराला खुर्ची टेकवल्याशिवाय तिला झोप येत नसे. लोक हसतील म्हणून हेही ती कुणाला सांगत नसे.

“नंबर आहे त्याच्याकडे,” ती म्हणाली. “बापच आहे. घेतलं असेल नाव. घेऊ दे.”

“नुसतं नाव घेऊन थांबला असेल तर ठीक. पण कॉलेजातली पोरगी दाखवायची आणि फीची सूट ताटात सोडून उठायचं, असा माणूस मी तरी पाहिला नाही.” टॉर्कलसननी या वर्षीचा कॉलेजकडून आलेला फीचा कागद तिच्यापुढे सरकवला. मारेनने गेल्या महिन्यात घरी आली तेव्हा तो तिच्या हातात दिला होता. “आणि सूट घ्यायची तर हा लागतो. यावरचा कॉलेजचा नंबर भरावा लागतो. तो त्याला कुणी दिला?”

लोर्नाने कागद पाहिला. आधीही पाहिला होता, पण आकड्यांपुरता. वर कॉलेजचं नाव होतं. खाली मारेनचं. त्याखाली रस्ता, घर नंबर, डुलुथ. तिचं घर.

ती उठून तळघराच्या त्या उंचावरच्या खिडकीशी गेली. तिथून पार्किंगमधल्या गाड्यांची फक्त चाकं दिसत होती. ती एकेक चाक बघत राहिली. ट्रकची कुठली, साध्या गाड्यांची कुठली. कर्टची असती तर तिला ओळखू आली असती का, हेही तिला सांगता आलं नसतं.

दोन हिवाळे. दोन हिवाळे त्याच्याकडे पत्ता होता आणि तो आला नव्हता. की आला होता? तिला जानेवारीतली एक सकाळ आठवली. रात्रभर बर्फ पडला होता आणि ती कामाला निघाली तेव्हा तिच्या पायऱ्या स्वच्छ उपसलेल्या होत्या, कडा अगदी सुरीने कापल्यासारख्या सरळ. शेजारच्या म्हाताऱ्या नूटसनने उपसल्या असतील म्हणून तिने त्याच्याकडे केक नेऊन दिला. “मी नाही गं बाई, माझी पाठ कुठे चालतेय,” तो म्हणाला होता, आणि केक मात्र ठेवून घेतला होता. तेव्हा ती हसली होती. आता तिने बाहेरची चाकं पुन्हा पहिल्यापासून बघितली.

“राहू दे,” ती परत येऊन म्हणाली. “या वर्षीही मारेनचं नाव काढा. पाठवून टाका.”

“कायद्याने पोरगी तुझी आहे, लोर्ना.”

“कायदा राहू दे हो कायद्याच्या घरी!”

टॉर्कलसननी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “मी तुला फसवणार नाही. नाव ठेवायचं तर रिटर्न कागदावर, टपालाने जाईल. मग सरकार दोघांनाही पत्र पाठवेल, पोरगी कुणाची ते सिद्ध करा म्हणून. दोघांनाही. त्याला कळणार. तुला ते झेपणार नसेल तर मी आत्ता खोडतो आणि पुन्हा विषय काढत नाही. पण आधी पोरीला विचार. कागद तिच्याकडूनच गेलाय.”

वरच्या मजल्यावर मुलांचा कोपरा रिकामा होता. लोर्ना तिथल्या बुटक्या लाल खुर्चीवर बसली आणि तिने फोन लावला.

“आई? मी क्लासला चाललेय. काय झालं? दुपारचा कसा काय फोन केलास?”

“काही नाही गं. रिटर्न भरायला आलेय. कॉलेजचे ते फीचे कागद, मागच्या दोन वर्षांचे, आहेत ना तुझ्याकडे?”

“असतील कुठेतरी.”

“मारेन. बाबाला दिलेस?”



“त्याने मागितले,” मारेन म्हणाली.

“म्हणजे भेटतो तुला तो?”

“टॅक्सच्या दिवसांत येतो, कागद घ्यायला. येत्या शनिवारी येणार आहे. आई, प्लीज, आता यावरून रडारड नको. एक कागद तर आहे. त्याचे चार पैसे सुटतात, तुझं काय जातं?”

“माझं काय जातं? त्यावर घराचा पत्ता आहे, कार्टे!”

“माहितेय मला! पहिल्यांदा दिला तेव्हा मी काळ्या मार्करने खोडला होता. त्याने परत दिला. म्हणाला, स्वच्छ आण.”

“आणि तू आणलास! वा! बापाची लाडकी लेक! मी इथे पत्रपेटीवर नाव लावत नाही आणि तू त्याला घर हातात नेऊन दिलंस. एकदा विचार आला का गं मनात, की आई का लपते?”

“तूच म्हणालीस, पटलं नाही म्हणून!”

ते खरं होतं. लोर्नाने तोंडावर हात ठेवला. कोपऱ्यातल्या भिंतीवर कुणी मुलांनी चिकटवलेले कागदी मासे होते. ती त्यांच्याकडे बघत बोलायला लागली, कारण कुठेतरी बघायला हवं होतं.

“ऐक आता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या मावशीलाही नाही. तू आजीकडे होतीस त्या आठवड्यात. मी त्याला न विचारता मावशीला थोडे पैसे पाठवले होते, तेवढंच. तो एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी म्हणाला, चल, फिरून येऊ. ट्रकमध्ये बसवलं आणि गोठलेल्या तळ्यावर नेलं. मार्च संपत आला होता, मारेन. सगळ्यांनी बर्फावरच्या मासेमारीच्या झोपड्या काढून नेल्या होत्या, बर्फावर गाडी घालायची नाही म्हणून पाटी लागली होती. त्याने मधोमध नेऊन ट्रक उभा केला. मला बोटही लावलं नाही. नुसता बसला. आणि खालून बर्फ तडतड...” तिला पुढचं बोलवेना. “मी माफी मागत राहिले. कशाची तेही कळत नव्हतं. मारलं असतं तर दाखवायला वळ तरी असता. याला काय म्हणायचं? नवऱ्याने फिरायला नेलं?”

फोनवर फक्त मारेनचा श्वास ऐकू येत होता. लोर्नाला वाटलं, पोरीचा विश्वास बसला नाही. इतक्या वर्षांनी सांगितलं आणि तेही फुकट गेलं.

मग मारेनने अगदी बारीक आवाजात विचारलं, “दिवे बंद करून?”

दिव्यांचं लोर्ना काहीच बोलली नव्हती.

“खिडकी खाली कर म्हणाला असेल,” मारेन म्हणाली. “नीट ऐकू येतं म्हणून.”

“मारेन. कधी?”

“खोडलेला कागद दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी. कॉलेजजवळच्या तळ्यावर. मी पत्ता सांगितला तेव्हाच त्याने ट्रक वळवला. मग स्वच्छ कागद आणून दिला.” ती रडत नव्हती. रडणं लोर्नाला सोसलं असतं, हा सपाट आवाज सोसवेना. “तू आधीच इतकी घाबरतेस, आई. तुला आणखी काय सांगू?”

लोर्नाला ओरडावंसं वाटलं, कर्टवर, स्वतःवर, त्या देवमाणूस म्हणणाऱ्या सगळ्या आळीवर. पोरीला जपायचं म्हणून ती मूग गिळून बसली होती, आणि आईला जपायचं म्हणून पोरगीही तेच शिकली होती. एकटीच्या जिवावर ती दोन वर्षं हे घेऊन हिंडत होती.

“तू आहेस तिथून आत जा,” ती म्हणाली. “जिथे माणसं आहेत तिथे बस. खोलीवर जाऊ नकोस. मी निघाले. फोन ठेवू नको.”

ती तशीच फोन कानाला लावून खाली आली. टॉर्कलसन खोडरबर आणि पेन दोन्ही पुढे ठेवून बसले होते. तिच्याकडे बघून त्यांनी खोडरबर खिशात टाकलं.

“मारेनचं नाव ठेवा,” लोर्ना म्हणाली. “सही कुठे करू?”

“त्याला पत्र जाईल, लोर्ना. लक्षात आहे ना?”

“जाऊ दे.”

भीती कणभरही कमी झाली नव्हती. तिचा एक हात फोनवर होता, म्हणून टॉर्कलसननी कागद दोन्ही बाजूंनी टेबलावर दाबून धरला आणि तिने सही केली. आज अजून दुपार होती, रस्ते मोकळे होते. ती पायऱ्या चढून गाडीकडे गेली. फोनवर दोघीही बोलत नव्हत्या, आणि ठेवतही नव्हत्या.