टेबल खाली आलं त्या दिवशी

मित्रांनो, मी एक जुनं स्टूल आहे. वीतभर उंच, पोलादी, वर काळं रबर. तुम्ही म्हणाल, स्टुलाचं कसलं आलंय चरित्र! पण मी हृदयाच्या ऑपरेशन थिएटरातलं स्टूल आहे. माझ्यावर कोणी बसत नाही, उभं राहतात.

कारखान्यातून घासूनपुसून मला थेट इथे आणलं. इथली एक रीत आहे. जो ऑपरेशन करतो, त्याच्या कोपराच्या उंचीवर टेबल लावायचं. आमचे मोठे सर ताडमाड उंच. त्यामुळे टेबल कायम वर, आणि बाकीच्यांनी आपली सोय बघायची! ती सोय म्हणजे मी.

माझ्यावर उभं राहून कितीतरी जण शिकले. मग हळूहळू शिकणारे कमी झाले. इथलं शिक्षण लांबलचक. बरोबरीचे मित्र घरदार थाटून बसतात, तेव्हा इथले अजून टाकेच गिरवत असतात. त्यात आता मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून हृदयाची झडप बसवता येते, छाती उघडावी लागत नाही. पेशंटचं भलंच झालं, खोटं कशाला बोलू? पण मी भिंतीशी पडून राहू लागले.

मग छोट्या मॅडम शिकायला आल्या. सहा वर्षं त्यांचे पाय माझ्यावर. सिस्टर चिडवायच्या, "मॅडमच्या आधी त्यांचं स्टूल हजर!" दमल्या की मॅडम उजवी टाच हळूच उचलायच्या. ते फक्त मला कळायचं.

एक दिवस त्या सरांना म्हणाल्या, "सर, ही शाखा सोडावी म्हणते. पुढे सगळं नळीनंच होणार. आणि इथं मी जन्मभर स्टुलावरच."

म्हणजे मी पुन्हा भिंतीशी!

सर म्हणाले, "नळीचं कामही शीक की. पण जिथे नळी चालत नाही, तिथे कोण जाणार? गुरुवारची झडप तू कर, मग ठरव."

गुरुवारी टेबलावर कपडे शिवणाऱ्या एक काकू होत्या. जंतूंनी झडप पार पोखरलेली, तिथे नळीचा उपयोग नव्हता. भूल देण्याआधी काकू म्हणाल्या, "टाके बारीक घाला हं, मला कळतात!"

सिस्टरनी सवयीनं मला पुढे सरकवलं, मॅडम सवयीनं चढल्या, आणि टेबल एकदम मांडीशी!

"अगं, उतर खाली!" सर हसले. "टेबल आज तुझ्या मापाचं आहे."

मॅडम उतरल्या. चार तास त्या शिवत होत्या आणि सर समोर कमरेत वाकून मदत करत होते. थांबवलेलं हृदय पुन्हा सुरू करायची वेळ आली. मग एक ठोका आला. दुसरा आला. मग ते थांबेचना!

सर कण्हत माझ्यावर टेकले. माझ्यावर बसलेला हा पहिलाच माणूस. "पाठीचा पार खुळखुळा झाला," ते म्हणाले. "काय मग, सोडतेस?"

"पुढच्या गुरुवारी टेबल इतकंच खाली ठेवा," मॅडम म्हणाल्या.

मित्रांनो, माझं रबर झिजलंय, कोणी घसरायच्या आत तेवढं बदला. शिकणाऱ्याला स्टूल जरूर द्या. पण एक दिवस त्याच्यासाठी टेबलही खाली घ्या. मी मजेत बाजूला बसेन.