सुईबाबाचं शुद्ध रक्त

दर गुरुवारी पिंपळे गुरवच्या त्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नसे. आयटीवाले, कारखान्यातले, सगळे शिकलेसवरलेले. सुईबाबानं शुभदाच्या बोटाला सुई टोचली. रक्त वाहू लागलं ते थांबेचना.

"पीडा पळतीया बघा!" बाबा गरजला. "पर माझी सुई आन् डॉक्टरची गोळी एका घरात नांदत न्हाईत!"

शुभदाचं अर्धं डोकं कायम ठणकायचं. त्यातून तिचं शरीर स्वतःवरच उलटून रक्ताच्या गुठळ्या करायचं, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. ती तिच्या नवऱ्यानं, सुरेंद्रनं, बंद करायला लावली.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली.

"डेटा बघू ना!"

सुरेंद्र चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. मोजल्याशिवाय साधा नट पास करत नसे. रक्त थांबायला किती वेळ लागतो, ते दर गुरुवारी त्यानं मोबाइलवर मोजून आलेख काढला. रक्त लवकर लवकर थांबू लागलं, शेवटी तर टोचताच थांबलं. "रक्त शुद्ध झालं!" टाळ्या पडल्या, सुरेंद्रच्या सर्वांत जोरात. बाबा रोज घ्यायला द्यायचा त्या पुडीनं डोक्याचा ठणकाही थांबलेला. तो आलेख त्यानं शिफ्टभर दाखवला आणि शिफ्टमधल्या किसनरावांना तर गाडीत घालून बाबाकडे नेलं.

आणि एका सकाळी शुभदाच्या हातातून कप निसटला. तोंड वाकडं झालं. नवऱ्याचं नावही तिला उच्चारता येईना.

"मेंदूत गुठळी आहे," हॉस्पिटलमध्ये डॉ. अफरीन म्हणाल्या.

सुरेंद्रनं मोबाइल पुढे केला. "पण मॅडम, रक्त तर सुधारत होतं!"

"गोळी होती म्हणून रक्त थांबत नव्हतं. गोळी सुटली, ते पटकन गोठू लागलं. बोटावर, तसंच डोक्यात. मोजलंत अगदी बरोबर. बायको मरणाकडे किती वेगानं चाललीय, तेच मोजत होतात."

त्यांनी बाबाची पुडी तपासली, तर निव्वळ वेदनाशामक गोळीचा चुरा. मग सुरेंद्रला हॉलच्या दारातली बाबाची सेविका शालनबाई आठवली. "गोळ्या कंच्या चालू हायेत, दादा?" असं ती प्रत्येकाला विचारायची आणि रक्त पातळ करणारी गोळी खाणाऱ्यांनाच पुढे बसवायची.

गुरुवारी त्यानं शुभदाला चाकांच्या खुर्चीतून हॉलमध्ये आणलं.

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाला.

"गोळी कमी पडली!" सुरेंद्र ओरडला. "लोकहो, चमत्कार बघून टाळ्या पिटण्याआधी विचारा, तो घडतो कशामुळे? डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका!"

पुढच्या रांगेत हृदयाचे पेशंट किसनराव बसले होते, एका हाताचं बोट पुढे, दुसऱ्यात वेळ लावलेला मोबाइल.

"किसनराव, तुम्ही गोळी बंद केलीत?"

"केली की राव. तुमचाच आलेख बघून."